डॉक्टरांची बखर : रॉजर ॲक्रॉइडचा खून आणि १९२६ सालचं इंग्लंड



सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. आज मी एका रहस्यकादंबरीतला खुनी कोण, हे सांगणार आहे. आडवळणाने नाही, सरळ नाव घेऊन. कॉलेजात असताना माझ्या एका मित्राने मी शंभराव्या पानावर असताना हाच शेवट सांगून टाकला होता. त्याला मी अजून पूर्णपणे माफ केलेलं नाही, त्यामुळे ही शिक्षा काय असते ते मला ठाऊक आहे. ज्यांनी अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ वाचलेली नाही आणि वाचायची इच्छा आहे, त्यांनी इथेच थांबावं, दोन दिवसांत पुस्तक संपवावं आणि मग परत यावं. मी कुठे पळून जात नाही.

दुसरं म्हणजे, इतिहासाच्या व्याख्यानमालेत कादंबरी कशाला, असं काही जण विचारतील. रास्त प्रश्न आहे. पण आपण इथे वर्षभर काय करतो आहोत? एखादं पत्र, एखादी बखर, एखादी कैफियत घेतो आणि विचारतो : हे लिहिणारा कोण? त्याने हे का लिहिलं? त्याने काय लिहिलं नाही? ही कादंबरी नेमक्या त्याच प्रश्नावर उभी आहे. कागदपत्रं वाचायची सवय लावायला मला याच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक दुसरं माहीत नाही. शिवाय ती ज्या वर्षी आली त्या १९२६ सालच्या इंग्लंडबद्दल ती जे सांगते, तेही थोडं नाही.

पुस्तक जून १९२६ मध्ये कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने काढलं. त्याआधीच्या वर्षी ते लंडनच्या ‘इव्हनिंग न्यूज’ या सायंदैनिकात क्रमशः छापून आलं होतं. कॉलिन्सकडचं ख्रिस्तीचं हे पहिलंच पुस्तक. आधीची पुस्तकं बॉडली हेडने काढलेली. तेव्हा ती पस्तिशीची होती, नावारूपाला येत होती, पण ‘ती’ अगाथा ख्रिस्ती अजून व्हायची होती. या पुस्तकाने ती झाली.

कल्पना कुठून आली, याचीही एक गोष्ट आहे आणि तिचा धागा थेट आपल्या देशाच्या इतिहासापर्यंत येतो. ख्रिस्तीने आत्मचरित्रात दोघांना श्रेय दिलं आहे. एक तिचे मेहुणे, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, जेम्स वॉट्स. हल्ली रहस्यकथांत कोणीही गुन्हेगार निघतो, अगदी डिटेक्टिव्हसुद्धा, आता एखाद्या वॉटसनला गुन्हेगार करून दाखवायला हवं, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलता बोलता म्हणाले होते. दुसरे, १९२४ साली तिला पत्र लिहून साधारण हीच युक्ती सविस्तर सुचवणारे आरमारातले एक तरुण अधिकारी. त्यांचं नाव लॉर्ड लुई माउंटबॅटन. होय, तेच. पुढे १९४७ मध्ये दिल्लीत बसून सत्तांतराचं वेळापत्रक आखणारे शेवटचे व्हाइसरॉय. रहस्यकथेचा प्लॉट रचणारा माणूस फाळणीच्या काळात आपल्या नशिबी यावा यावर काय बोलावं! पण ते असो.

आता कथा. जितकी लागेल तितकीच सांगतो.

किंग्ज ॲबट नावाचं एक इंग्लिश खेडं. दोनच मोठी घरं. एकात मिसेस फेरर्स ही विधवा राहते, दुसऱ्यात, फर्नली पार्कमध्ये, रॉजर ॲक्रॉइड हा श्रीमंत कारखानदार. दोघं लग्न करणार अशी गावात बोलवा आहे. कादंबरी सुरू होते तीच मिसेस फेरर्सच्या मृत्यूने. व्हेरोनल या झोपेच्या औषधाचा जादा डोस. दुसऱ्या दिवशी रात्री ॲक्रॉइड आपल्या अभ्यासिकेत भोसकलेल्या अवस्थेत सापडतो. ही सगळी हकीकत आपल्याला सांगतात गावचे डॉक्टर जेम्स शेपर्ड. त्यांच्या शेजारच्या घरात एक परदेशी गृहस्थ निवृत्त होऊन भोपळ्याच्या जातीची भाजी पिकवत बसले आहेत. त्यांच्या मिशा पाहून डॉक्टरांना वाटतं, हा कोणीतरी निवृत्त केशकर्तनकार असणार. ते निघतात हर्क्युल पॉयरो. पॉयरोचा नेहमीचा सोबती कॅप्टन हेस्टिंग्ज अर्जेंटिनाला निघून गेलाय, त्यामुळे मदतनीस आणि लेखनिक अशा दोन्ही जागा रिकाम्या आहेत. डॉक्टर शेपर्ड त्या भरतात.

आणि खुनीही तेच आहेत.

इतकी साधी गोष्ट आहे. तरी लाखो वाचक फसले, अजून फसतात. का फसतात, ते पाहण्यात खरी मजा आहे.

पहिलं कारण म्हणजे वॉटसनची परंपरा. शेरलॉक होम्सच्या कथा वॉटसनने सांगितल्या. वॉटसन कोण? डॉक्टर. प्रामाणिक, थोडा मंद, वाचकापेक्षा एक पाऊल मागे. तेव्हापासून रहस्यकथेत ‘मी’ म्हणून बोलणारा माणूस म्हणजे आपला माणूस, असं वाचकाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आपण त्याच्यावर संशय घेत नाही, कारण आपण त्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. स्वतःच्या चष्म्यावर कोण संशय घेतं?

दुसरं कारण म्हणजे डॉक्टर हा पेशा. गावातला डॉक्टर रात्री-अपरात्री कुणाच्याही घरी जाऊ शकतो, हातात काळी बॅग घेऊन, आणि कोणी विचारत नाही की बॅगेत काय आहे. मृत्यूचा दाखला तोच देतो. मृत्यू कशाने झाला हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या लेखणीला आहे. ब्रिटिश वाचकाला खुनी डॉक्टर माहीत नव्हते असं नाही. विल्यम पामरला १८५६ मध्ये फाशी झाली होती. १९१० मध्ये क्रिपेन, बायकोला मारून प्रेयसीसह जहाजाने कॅनडाकडे पळताना, बिनतारी संदेशामुळे पकडला गेला होता. (क्रिपेनचं वैद्यकीय शिक्षण जरा संशयास्पदच, पण लोकांच्या तोंडी तो डॉक्टर क्रिपेनच.) तरीही आपला फॅमिली डॉक्टर, तो वेगळा. कादंबरीतही पॉयरोला शेवटचा पुरावा मिळतो तो समुद्रावरच्या जहाजाकडून आलेल्या बिनतारी संदेशाने. १९२६ च्या वाचकाला क्रिपेनची आठवण झाल्याशिवाय राहिली नसेल असं मला वाटतं.

तिसरं कारण भाषेचं आहे, आणि तिथे जरा रेंगाळू या.

खुनाच्या रात्री शेपर्ड ॲक्रॉइडच्या अभ्यासिकेत बसलेले आहेत. मिसेस फेरर्सने मरण्यापूर्वी लिहिलेलं पत्र निळ्या लिफाफ्यातून येतं. तिला कोणीतरी ब्लॅकमेल करत होतं, त्याचं नाव त्या पत्रात आहे. ॲक्रॉइड वाचायला सुरुवात करतो, मग थांबतो, म्हणतो की उरलेलं मी एकटा असताना वाचीन. पत्र आत आलं तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती. शेपर्ड निघाले तेव्हा नऊला दहा. मधल्या दहा मिनिटांचं काय? निवेदक सांगतो की आपण निघालो तेव्हा पत्र तसंच न वाचलेलं होतं, दाराशी आपण क्षणभर घुटमळलो, मागे वळून पाहिलं, काही राहिलं तर नाही ना याचा विचार केला. बस्स. यातला शब्दन् शब्द खरा आहे. खून त्या दहा मिनिटांत झालेला आहे, दोन वाक्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत. पहिल्यांदा वाचताना तुम्हाला मित्राच्या काळजीने घुटमळणारा डॉक्टर दिसतो. दुसऱ्यांदा वाचताना त्याच शब्दांत प्रेताकडे शेवटची नजर टाकून सगळं जागच्या जागी आहे ना हे तपासणारा खुनी दिसतो. शब्द तेच, माणूस बदललेला.

शेवटच्या प्रकरणात हा गृहस्थ स्वतःच या ओळींकडे बोट दाखवतो आणि आपण किती सफाईने लिहिलं म्हणून खूष होतो. मला पुस्तकातला सगळ्यात भयानक क्षण तो वाटतो. पश्चात्ताप नाही, लेखकाचा अभिमान!

म्हणजे इथे खोटं बोलणं नाही, गाळणं आहे. आपल्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. धर्मराज खोटं बोलला नाही, पण द्रोणाचार्य गेले. शेपर्डचं संपूर्ण निवेदन त्या जातीचं आहे.

बाकीची यंत्रणा पण पाहा, कारण ती त्या काळाची आहे. ॲक्रॉइडने नुकताच डिक्टाफोन घेतलेला असतो. मेणाच्या नळकांड्यावर आवाज टिपणारं हे यंत्र पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून कचेऱ्यांत शिरलं होतं. शेपर्डला यंत्रांशी खटपट करायचा नाद आहे. तो डिक्टाफोनला वेळ लावून ठेवतो आणि साडेनऊ वाजता, म्हणजे ॲक्रॉइड मेल्यानंतर चाळीस-पन्नास मिनिटांनी, बंद दारामागून ॲक्रॉइडचा आवाज ऐकू येतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, कोणीतरी आत पैसे मागतंय आणि मालक नकार देतोय. पॉयरोच्या लक्षात येतं की समोर बसलेल्या माणसाशी कोणी इतकं छापील बोलत नाही. ही पत्राची भाषा आहे. मग ते यंत्र दारातून दिसू नये म्हणून एक मोठी खुर्ची पुढे ओढलेली. मग सव्वादहाला स्टेशनवरून आलेला एक टेलिफोन, जेणेकरून प्रेत सापडताना शेपर्ड तिथे हजर असावा आणि यंत्र काळ्या बॅगेत घालून न्यावं. आगगाडीचं वेळापत्रक, टेलिफोन एक्स्चेंज, आवाज टिपणारं यंत्र. माणूस एका जागी आणि त्याचा आवाज दुसऱ्या जागी, दुसऱ्या वेळी, ही गोष्ट त्या पिढीला नवी होती. ख्रिस्तीने त्या नवलाईचाच सापळा केला. निवेदकाचा आवाज आणि निवेदक माणूस हे वेगळे असू शकतात, हेच तर पुस्तकभर चाललं आहे. डिक्टाफोन म्हणजे पूर्ण कादंबरीची छोटी प्रतिकृती. हे तिने मुद्दाम केलं की आपोआप जमलं, मला सांगता येणार नाही.

आणि पॉयरो पकडतो कशाने? एका फालतू वाटणाऱ्या हिशेबाने. शेपर्ड नऊला दहा कमी असताना घरातून निघाले आणि फाटकापाशी पोचले तेव्हा नऊचे टोले पडत होते. ती वाट पाच मिनिटांची आहे. उरलेली पाच मिनिटं कुठे गेली? ही दोन्ही वेळा खुद्द शेपर्डनेच लिहून ठेवल्या आहेत. बखरकाराची चूक नेहमी अशीच सापडते, मोठ्या दाव्यात नाही, तारखा आणि अंतरं जुळवताना.

पुस्तक आल्यावर वाद झाला. हा डाव झाला की दगाबाजी? रहस्यकथा हा तेव्हा इंग्लंडात जवळजवळ खेळ मानला जायचा, शब्दकोड्यासारखा, लेखक आणि वाचक यांच्यातला. खेळ म्हटला की नियम आले. १९२८ मध्ये अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइनने वीस नियम जाहीर केले. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्री लेखकाने दहा आज्ञा काढल्या, त्यातली पहिलीच अशी की ज्याचे विचार वाचकाला कळत आले आहेत तो गुन्हेगार असता कामा नये, आणि डिटेक्टिव्हच्या मित्राने मनात आलेलं काही लपवू नये, हीही एक आज्ञा. कुणाकडे पाहून ही बोटं रोखली होती ते उघड आहे. डोरोथी सेयर्सने मात्र ख्रिस्तीची बाजू घेतली. तिचं म्हणणं असं की सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचं काम आहे.

मी सेयर्सच्या बाजूचा. पण एक गोष्ट कबूल करायला हवी : ही युक्ती अगदी पहिल्यांदाच झाली असं जे सांगितलं जातं ते बरोबर नाही. चेखवने १८८४-८५ मध्ये ‘द शूटिंग पार्टी’ या नावाने इंग्रजीत ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीत, संपादकाकडे हस्तलिखित घेऊन येणारा निवेदकच खुनी दाखवला होता. खुद्द ख्रिस्तीने १९२४ च्या ‘द मॅन इन द ब्राउन सूट’मध्ये निवेदनाचा एक भाग खलनायकाच्या डायरीतून दिला होता. ॲक्रॉइडचं मोठेपण पहिलेपणात नाही. ती युक्ती वॉटसनच्या खुर्चीत नेऊन बसवली, इतक्या घरगुती, गप्पिष्ट गावात, हे मोठेपण.

गप्पिष्ट म्हटल्यावर कॅरोलाइन आली.

डॉक्टरांची ही थोरली, अविवाहित बहीण. घराबाहेर फारशी पडत नाही, पण गावात काय शिजतंय ते हिला सगळ्यात आधी कळतं. मोलकरणी, दूधवाला, फळवाला ही तिची हेरांची फौज. तिचे तर्क बहुतेक वेळा खरे ठरतात. मिसेस फेरर्सने नवऱ्याला विष दिलं, असं ती पहिल्यापासून म्हणते आहे. डॉक्टर तिची टिंगल करतात आणि आपणही त्यांच्याबरोबर हसतो. नंतर कळतं की बाई बरोबर होती आणि तिला उडवून लावण्यात डॉक्टरांचा स्वार्थ होता. पॉयरो मात्र तिच्याशी बोलायला वेळ काढतो. पोलीस इन्स्पेक्टरांना बोटांचे ठसे हवेत, त्याला कॅरोलाइनच्या गप्पा हव्यात.

त्यात माहजोंगचं एक प्रकरण आहे. १९२० च्या दशकात या चिनी खेळाचं वेड इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी शिरलं होतं. चौघं जण फरशा मांडत खेळतायत आणि चाली सांगता सांगता खुनाच्या बातम्यांची देवाणघेवाण चालली आहे. नवखा वाचक हे प्रकरण भरताड म्हणून चाळतो. मला ते पुस्तकातलं सगळ्यात आनंदाचं प्रकरण वाटतं, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तर ते जरूर वाचावं. छोट्या गावात माहिती कशी फिरते, कोण कुणाला काय आणि कशाच्या बदल्यात सांगतं, याचं इतकं अचूक चित्र सरकारी दप्तरात सापडत नाही.

कॅरोलाइनसारख्या बायका त्या काळी खूप होत्या, हेही लक्षात घ्या. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे १७ लाखांनी जास्त भरल्या. युद्धाने त्यात भर घातली होती. वर्तमानपत्रं त्यांना बेधडक ‘जादा बायका’ म्हणत. ख्रिस्तीने अशाच एका ‘जादा’ बाईच्या हाती गावातलं सगळ्यात तल्लख डोकं दिलं. १९२८ मध्ये या कादंबरीवर ‘अलिबाय’ नावाचं नाटक आलं, चार्ल्स लॉटनने त्यात पॉयरो केला, आणि नाटकवाल्यांनी कॅरोलाइनच्या जागी एक तरुण, सुंदर मुलगी आणून उभी केली. ख्रिस्तीला ते फार लागलं. तिने लिहिलं आहे की मिस मार्पलचं बीज कॅरोलाइनमध्ये होतं. म्हाताऱ्या अविवाहित बाईला नाटकातून काढून टाकलं, तर ती पुढे बारा कादंबऱ्यांची नायिका झाली.

इतर पात्रांवर मी फार वेळ घालवणार नाही. प्रत्येकाने काहीतरी लपवलंय, हे ख्रिस्तीचं नेहमीचं तंत्र. पुतणी फ्लोराने काकांच्या खोलीतून चाळीस पौंड उचललेत, आणि ते झाकण्यासाठी पावणेदहाला काका जिवंत होते असं ती सांगते. तिच्या या खोट्याने वेळेचा सगळा घोळ होतो आणि खुन्याचं फावतं. सावत्र मुलगा राल्फ आणि मोलकरीण अर्सुला यांनी गुपचूप लग्न केलंय. घरकारभारीण मिस रसेलला लग्नाबाहेर झालेला मुलगा आहे. बटलर पार्कर पूर्वीच्या मालकाकडून पैसे उकळून आलाय. यातली बरीचशी ‘गुपितं’ आजच्या हिशेबाने गुपितंच नाहीत. वर्ग आणि अब्रू यांच्या भीतीने ती गुपितं झाली. मोलकरणीशी केलेलं लग्न फाशीच्या संशयाखाली असतानासुद्धा लपवावंसं वाटतं, यावरून त्या समाजाचा अंदाज यावा.

आता मला ज्या पात्राबद्दल खरं बोलायचं आहे, तिच्याकडे येतो. मिसेस फेरर्स.

ती पुस्तकात जिवंत अशी दिसतच नाही. तिचा नवरा ॲश्ले फेरर्स दारुडा होता, तिला छळायचा. तिने त्याला विष दिलं. शेपर्डने दाखल्यावर जठराचा विकार असं लिहिलं, मनात खरं ओळखलं आणि वर्षभरात तिच्याकडून वीस हजार पौंड काढले. शेवटी तिने व्हेरोनल घेतलं.

तिने घटस्फोट का नाही घेतला? हा प्रश्न आजचा वाचक सहज विचारतो. तर कायदा पाहू. १९२३ पर्यंत इंग्लंडात पुरुषाला बायकोच्या व्यभिचाराचं एक कारण पुरायचं. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि शिवाय छळ किंवा सोडून जाणं असं काहीतरी, दोन्ही सिद्ध करावं लागायचं. १९२३ च्या कायद्याने व्यभिचारापुरती बरोबरी आली. पण नुसता छळ, नुसतं मारणं हे घटस्फोटाचं कारण १९३७ च्या कायद्याने झालं. म्हणजे कादंबरीच्या काळात, नवरा दारू पिऊन बायकोला रोज मारत असला पण परस्त्रीच्या वाटेला गेलेला नसला, तर तिला वेगळं राहण्याचा हुकूम मिळू शकत होता, लग्नातून सुटका नव्हती.

आणि खून उघडकीला आला असता तर? जानेवारी १९२३ मध्ये एडिथ टॉम्प्सनला फाशी दिली होती. तिच्या नवऱ्याला तिच्या प्रियकराने भोसकलं होतं. तिने स्वतः हात लावला नव्हता. तिच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे तिने प्रियकराला लिहिलेली पत्रं. ती पत्रं कोर्टात वाचली गेली, वर्तमानपत्रांत छापली गेली. ख्रिस्तीच्या वाचकांना हे सगळं काल घडल्यासारखं आठवत होतं. अशा देशात मिसेस फेरर्स ब्लॅकमेलरला पैसे देत राहते, यात काही नवल नाही. आणि शेवटी सगळं पत्रात लिहून टाकते, यात केवढं धाडस आहे!

पण ते पत्र आपल्याला वाचायला मिळतं का? सुरुवातीच्या काही ओळी, त्याही ॲक्रॉइडच्या तोंडून. पुढचं पत्र शेपर्ड उचलतो. त्या लिफाफ्यात एका बाईची पूर्ण कैफियत होती : काय सोसलं, काय केलं, कोणी लुबाडलं. ती नष्ट झाली. आणि उरलं काय? तिला लुबाडणाऱ्याने सावकाश, नीटनेटकं लिहिलेलं हस्तलिखित, प्रकरणवार, शीर्षकांसह. मिसेस फेरर्सबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं तिच्या खंडणीखोराच्या लेखणीतून आलेलं आहे. तिचं रूप, तिचा स्वभाव, गावात तिच्याबद्दल काय बोललं जायचं, सगळं.

मंडळी, जुने कागद चाळताना मला हे पुस्तक आठवतं ते यामुळे. ज्याच्या हातात लेखणी आणि वेळ होता त्याची बखर टिकते. रहस्यकथेचे वाचक शंभर वर्षं भांडले ते शेपर्डने आपल्याला फसवलं की नाही यावर. निळ्या लिफाफ्यासाठी फारसं कोणी भांडलं नाही. पिएर बायार या फ्रेंच समीक्षकाने १९९८ मध्ये एक खट्याळ पुस्तक लिहिलं आणि पॉयरोचाच निकाल चुकला आहे, खरी खुनी कॅरोलाइन आहे, असं मांडलं. मला त्याचं म्हणणं पटत नाही. पण निवेदकाचा शब्द एकदा खोटा ठरला की शेवटच्या कबुलीजबाबावर तरी का विश्वास ठेवायचा, हा त्याचा प्रश्न मात्र झटकून टाकता येत नाही.

पॉयरोचं वागणंही मला खटकतं. तो शेपर्डला सांगतो की सकाळी सत्य पोलिसांकडे जाईल. तोवर दुसरा मार्ग मोकळा आहे. म्हणजे व्हेरोनलचा. कारण काय, तर कॅरोलाइनला भावाचं खरं रूप कळू नये. गावातलं सगळं आधी जिला कळतं, तिला हे एकच कळू द्यायचं नाही. ही दया खरी, पण त्या दयेत पुन्हा एक कागद झाकला जातोय.

आता शेवटचा भाग, लेखिकेचा. पुस्तक आलं त्याच वर्षी एप्रिलमध्ये ख्रिस्तीची आई वारली. नवरा आर्ची (त्याचा जन्म आपल्याकडचा, तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या पेशावरचा) दुसऱ्या बाईच्या प्रेमात पडल्याचं त्याने सांगितलं. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री ख्रिस्ती मोटार घेऊन घरातून निघाली. दुसऱ्या दिवशी मोटार सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरजवळ रिकामी सापडली. अकरा दिवस पोलीस, स्वयंसेवक, वर्तमानपत्रं सगळे शोधत होते. ती उत्तरेला हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली, आणि तिथे तिने आडनाव लावलं होतं ते नवऱ्याच्या प्रेयसीचं, नील. स्मृती गेली होती, असं घरच्यांनी सांगितलं. वर्तमानपत्रांना ते पटलं नाही. प्रसिद्धीचा डाव, नवऱ्यावरचा सूड, वाट्टेल ते छापलं गेलं. १९२८ मध्ये घटस्फोट झाला.

मराठीत ख्रिस्तीचे बरेच अनुवाद झाले आणि त्यातले काही मधुकर तोरडमलांसारख्या रंगभूमीवरच्या माणसाने केले. पण तिचं आत्मचरित्रही एकदा वाचा. ते १९७७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर आलं. भरगच्च ग्रंथ आहे. बालपण, टॉर्की, युद्धातला दवाखाना आणि औषधांची खोली, इराकमधली उत्खननं, सगळं मनमोकळं सांगितलेलं. त्यातला काही भाग तिने ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बोलून सांगितला होता. २००८ मध्ये त्या टेपा तिच्या नातवाला ग्रीनवेच्या घरात सापडल्या. ॲक्रॉइडची कल्पना कशी सुचली तेही त्या ग्रंथात आहे. त्या वर्षीचं आजारपण, एकटेपण, आईचं घर आवरताना आलेलं रडू, तेही आहे.

डिसेंबरमधले ते अकरा दिवस नाहीत.